पूहाला पुरेल अशी गोळी

न्यूझीलंडमधल्या गिझबर्न शहराच्या पुढे किनाऱ्यावर औषधाचं दुकान एकच, हुइयाचं. रक्त पातळ करायची गोळी घेणारे सगळे माओरी म्हातारे तिच्याकडेच बोट टोचून घेतात, आणि गोळी किती घ्यायची तेही तीच ठरवते. बाई तोंडाची फटकळ, पण हात हलका.

सोमवारी रावीरीकाकांच्या रक्ताचा थेंब यंत्रात घालून तिने आकडा पाहिला.

“रक्त घट्ट झालंय, काका. गोळ्या चुकवल्यात?”

“एकही नाही. शपथ!”

“मग मयताला गेला होतात. तिथे चार-चार दिवस पंगती, डुकराच्या हाडांबरोबर शिजवलेला पूहाचा पाला रोज ओरपलात. त्याने गोळीचा जोर उतरतो, माहितीये ना?”

काका वरमले. “मामेभाऊ गेला गं. मग आता पूहा सोडू?”

“सोडा कोण म्हणतंय? एकदम टोपभर नको. दर रविवारी बेताने, तेवढाच खा. त्याला पुरेल अशी गोळी मी बसवून देते.”

काकांचा चेहरा खुलला. “मग या रविवारी जेवायलाच ये.”

ती गेली. काकांच्या ताटात तिने मोजून एक पळी वाढली आणि उरलेला टोप स्वतःपुढे ओढला.

“बघताय काय? मला कुठे गोळ्या चालू आहेत?”