गाडी आणि वाडी

होळी गावातली भाजीची वाडी विकली गेली तेव्हा लुईझाबाई रडल्या नाहीत, भांडल्या. दिराशी, बिल्डरशी, पोटच्या मुलाशी. आणि हरल्या. वाडीवर इमारत उठली. मोबदल्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि खाली उघड्यावर पार्किंगची एक जागा मिळाली, नेमकी त्यांच्या जुन्या वाफ्यांवर. तिथे मुलाची, ग्लेनची, नवी गाडी दिसली की बाई तोंड फिरवून जायच्या. तरी त्या दिराच्या उरलेल्या तुकड्यात भाजी काढत होत्या. यंदा तोही विकला गेला.

पण खरी ठिणगी पडली चर्चच्या अंगणात. ऑक्टोबरात आगेरा, नव्या पिकाचा सण. त्या दिवशी वाडीवाली घरं आपापलं पीक घेऊन रांगेनं वेदीपर्यंत जातात. लुईझाबाई नवी सून म्हणून त्या रांगेत शिरल्या, तेव्हापासून कधी चुकल्या नाहीत. यंदा मात्र समितीचे अँथनी ऐन पावसाळ्यातच गोड आवाजात म्हणाले, "लुईझाबाय, आता तुमची वाडी नाय. बाकावर बसून प्रार्थना करा. नायतर बाजारातून टोपली भरून आना, कोन विचारतंय?"

"देव विचारल. मी वाडीतलंच आनीन."

"वाडी कुठाय?"

बाई आणखीच पेटल्या.

घरी येऊन त्यांनी ग्लेनला फर्मान सोडलं, गाडी रस्त्यावर लाव. ग्लेननं आदळआपट केली. पण आईचं मन मोडून वाडी विकायला लावल्याचं त्याला आतून खुपत होतंच. शेवटी त्यानं किल्ली उचलली. बाईंनी वाफ्यासाठी विटा रचायला घेतल्या, तोच सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास सावंत धावत आले. माणूस भला, पण नियमावर फार जीव. "आंटी, या जागेत फक्त गाडी उभी करायची. बागकाम चालणार नाही."

"फक्त गाडी?"

"फक्त गाडी!"

त्याच आठवड्यात तिथे गाडी उभी राहिली. हातगाडी. नाक्यावरच्या भाजीवाल्यानं गंजत टाकलेली. ग्लेननं तिला चारही बाजूंनी फळ्या ठोकून दिल्या. तळाला पाणी निथळायला भोकं, त्यावर नारळाच्या सालींची सोडणं, वर शेणखत घातलेली माती. कमरेएवढा उंच वाफा, चाकांवर!

चंद्रहासांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आंटी, ही काय गाडी आहे?"

"मग काय, होडी हाय? हातगाडी म्हनतात हिला. चाकं मोजा. देवाशप्पत गाडीच हाय!"

चंद्रहास हात चोळत परत गेले.

बाईंनी दिराच्या तुकड्यातलं, राखेत जपलेलं बुटक्या फरसबीचं बी पेरलं. बुटकी म्हणजे वेल न धावणारी, मांडव न मागणारी. मुळाशी पाणी साचलं की मात्र ती कुजते. ऑगस्टअखेर आवारात गुडघाभर पाणी तुंबलं, साहेबलोकांच्या गाड्या घरघरून बंद पडल्या. लुईझाबाईंच्या गाडीतला वाफा आपला पाण्याच्या वर, मुळं शाबूत. त्या दिवशी त्या खिडकीत बसून मनसोक्त हसल्या. सप्टेंबरात पांढरी फुलं आली, मग शेंगा लोंबू लागल्या. इमारतीतली माणसं जाता-येता थांबायला लागली. चंद्रहाससुद्धा, कोणी बघत नाही असं पाहून.

आगेऱ्याच्या सकाळी ग्लेन टोपली घेऊन आला. बाईंनी त्याचा हात धरला. "तोडू नको. अँथनीनं शेंगा नाय विचारल्या, वाडी विचारली होती."

मायलेकांनी गाडी ढकलत काढली. मातीचं ओझं ते, गेटच्या गतिरोधकावर चाक अडलं. चंद्रहास फिरून येत होते. क्षणभर थबकले, मग बाह्या सरसावून त्यांनी मागून जोर लावला, आणि चढ आहे म्हणत थेट चर्चपर्यंत आले.

अंगणात रांग लागली होती. वाफा पाहून कोणी तोंडावर रुमाल धरला, कोणी उघड हसलं. अँथनी लगबगीनं आडवे आले. "लुईझाबाय, गाडी बाजूला घ्या. रांग अडते."

"गाडी नाय," बाई म्हणाल्या. "वाडी हाय माझी."

अँथनींनी गाडीच्या मागे पाहिलं. गाडीचा दांडा धरून घामाघूम चंद्रहास उभे होते. ही गाडीच आहे, अशी देवाची शपथ बाईंनी त्यांच्यासमोरच घेतली होती.

"वाडीच आहे," चंद्रहास म्हणाले. "आमच्याच आवारात आहे."

लुईझाबाईंनी सगळ्यांदेखत ओंजळभर शेंगा तोडल्या आणि रांगेत आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.