ट्वीटर जळाला नव्हता

मोताळ्यात मी चौतीस वर्षं मोटारी भरल्या. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतलं काळं पडलेलं तांबं छिन्नी-हातोड्यानं ठोकून काढायचं, नवी तार गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि दुकानाच्या दारात चालवून पाहायची. खांदा पार कामातून गेला तेव्हा दुकान बंद केलं. पहिले काही महिने नुसता झोपलो. अंगात एवढा थकवा कुठं साठला होता, कोणास ठाऊक.

बायको सकाळी भाजी निवडताना फोनवर गाणं लावते. शास्त्रीय गाण्याची ही आवड माहेरची. तिचे वडील पेटी शिकवायचे. आवाज वाढावा म्हणून ती फोन स्टीलच्या पेल्यात उभा करून ठेवायची. मला ते बघवेना. एक दिवस म्हणालो, "तुले मी चांगला स्पीकर बनवून देतो." आयटीआयला असल्यापासून ते मनात होतं. दुकानाच्या दिवसांत जमलं नाही.

मलकापूरहून दोन वूफर आणि दोन ट्वीटर आणले. सुतारानं प्लायवूड कापून दिलं. एक खोकं आधी पूर्ण करायचं, दुसरं मग, असं ठरवलं. खोकं चार दिवसांत उभं राहिलं. माझा जीव खाल्ला तो क्रॉसओव्हरनं. जाड आवाज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे पाठवणारी ही लहानशी जोडणी. तिला वेगळी वीज लागत नाही. तांब्याची कॉइल बारीक आवाजाला अडवते, कंडेन्सर जाड आवाजाला अडवतो. सेकंदाला तीन हजार कंपनांपाशी वाटणी करायची ठरवली आणि वहीत हिशेब मांडला. कॉइलला दीडशेच्या वर वेढे लागत होते. प्लास्टिकच्या नळीच्या तुकड्यावर ते घट्ट, एकाला एक लावून बसवले. हे काम हाताला झोपेतही येतं. पण दहा-बारा वेढ्यांनंतर खांदा पेटायचा, मग भिंतीला टेकून बसायचं.

ट्वीटर वूफरपेक्षा मुळातच जोरात वाजतो, म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स घालून त्याला खाली आणावं लागतं. मी घातला. लावून पाहिलं तर गाणं रजई पांघरल्यासारखं. बारीक आवाज नावालाही नाही. रेझिस्टन्स काढून टाकला. थोडा फरक पडला, पण समाधान होईना. कंडेन्सर बदलला. कॉइलचे वेढे सोडले, परत गुंडाळले. वहीतला हिशेब तीनदा तपासला. हिशेब बरोबर होता. तीन आठवडे असे गेले आणि मला स्वतःचाच कंटाळा आला. एवढ्या मोटारी भरल्या, आणि एक खोकं बोलतं करता येऊ नये?

शेवटी फोनवर एक सूर लावला आणि तो हळूहळू चढवत नेला. चार हजार कंपनांच्या जरा पुढं, दोरा तुटावा तसा सूर संपला. म्हणालो, ट्वीटर जळाला. दुसऱ्या खोक्यासाठी ठेवलेला ट्वीटर काढून बसवला. तोही तिथंच थांबला.

तेवढ्यात बायको दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर ओसरीवर आली.

"शिट्टी काऊन वाजवून राह्यले तुम्ही? डोकं उठलं माझं."

"कुठं वाजून राह्यली? हाही ट्वीटर जळका निघाला."

"अहो, आता वाजून राह्यली ना!"

मी तिच्याकडे पाठ केली आणि फोनवरचा सूर थांबवला.

"आता बंद झाली," ती म्हणाली.

परत लावला. "लागली." थांबवला. "बंद." सात-आठ वेळा केलं. एकदाही ती चुकली नाही, आणि मला एकदाही काही ऐकू आलं नाही. मग मी फोन खाली ठेवला. तिला समजायला वेळ लागला नाही.

"तुमाले हे ऐकूच नाही येऊन राह्यलं?"

मी मान हलवली. ती माझ्याजवळ खाली बसली. म्हणाली, "तुम्ही मले म्हणता, मी चिडकी झाली. दिवसभर खेकसते. मी चिडत नाही हो. हळू बोललं तर तुम्ही उत्तर नाही देत, म्हणून मोठ्यानं बोलते. माह्या गळ्याले किती त्रास होते, तुमाले काय सांगू!"

"मग सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं, तुमचं लक्ष नसते माह्याकडे."

किती वर्षं ती असं समजत होती, हे विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घाट चढून बुलढाण्याला गेलो. कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि सूर ऐकू आला की बोट वर करा म्हणाले. मी बराच वेळ बोट मांडीवर ठेवून बसलो होतो. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, काम काय करायचात? सांगितलं. हातोड्याचे घाव, ग्राइंडर, मोटारी. ते म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, कानात मशीन लावलं की बोलणं स्पष्ट ऐकू येईल. परतीच्या एसटीत मला झोप लागली.

आठवडाभर खोक्याला हात लावला नाही. आठव्या दिवशी बायकोनंच ते मधल्या खोलीत ओढून आणलं आणि समोर खुर्ची मांडून बसली.

"मी सांगते. तुम्ही लावा."

मी रेझिस्टन्स एकेक करून बदलत गेलो. तिनं फोनवर एका गायिकेचा अभंग लावला होता, डोळे मिटून ऐकायची. "टाळ टोचून राह्यले." मी थोडा मोठा रेझिस्टन्स लावला. "आता बाईचा आवाज आत गेला." थोडा लहान लावला. दुपार निघून गेली. मध्येच तिनं सांगितलं की गाणारीचा आवाज मधूनच पोकळ वाटतो. मी ट्वीटरच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या, तसा तिचा चेहरा बदलला. "हां! आता समोर बसून गाऊन राह्यली." तारा कधी उलट्या जोडाव्या लागतात हे वहीत लिहिलेलं होतं, पण नुसतं ऐकून मला ते कधीच सापडलं नसतं.

तिनं "हाव, बराबर" म्हटलं तिथं मी सोल्डरचा डाग दिला. शेवटी बसलेला रेझिस्टन्स मी पहिल्या दिवशी काढून फेकलेल्यापेक्षाही मोठा होता. पाठीमागची फळी लावली, स्क्रू आवळले. मला ते गाणं अजूनही पांघरुणाखालून आल्यासारखंच वाटत होतं. मी तिला तसं सांगितलं नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज जरा वाढवला.

मशीन आता कानात असतं, निदान जेवताना आणि पाहुणे आले की. त्यात पातेल्याचा खणखणाट फार होतो, थकायला होतं, म्हणून बाकी वेळ काढून ठेवतो. मग ती खांद्याला हात लावून बोलते, तोंड माझ्याकडे करून, हळू आवाजात. दुसरं खोकं अर्धवट आहे. कॉइलचे साठ वेढे झालेत. रोज दहा-बारा गुंडाळतो, तेवढेच होतात.