आमची रविवारची आगगाडी

माझे बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते आणि त्यांचे वडील काशीतले वैदिक. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात पहाटे संथा सुरू व्हायची, आणि त्याच सुमाराला बाबा खांद्याला पिशवी लावून इंजिनांच्या शेडकडे निघायचे. आजोबांच्या मनात त्यांना दशग्रंथी करायचं होतं. बाबांनी मधेच पळ काढला आणि इंजिनात कोळसा टाकायची नोकरी धरली. आजोबा रागावले नाहीत म्हणे. एवढंच म्हणाले, "ड्यूटीवरून आलास की आधी गंगेत बुडी, मग घरात पाऊल." आजोबा गेल्यावरही बाबांनी हा नियम मोडला नाही. "पुण्यासाठी नाही गं," ते मला सांगायचे, "भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाला थंड पाण्यासारखं सुख नाही."

वाफेची इंजिनं बंद झाली आणि काही वर्षांनी बाबाही निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं त्यांनी डिझेलवर काढली, पण त्याबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नाही. निवृत्तीनंतर ते घाटाच्या पायऱ्यांवर बसायचे आणि समोरच्या पुलावरून गाडी गेली की तिच्या आवाजावरून तिची खोड ओळखायचे. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते. लग्न झालेलं नव्हतं, आणि त्यावरून घरात होणारी बोलणीही एव्हाना थांबली होती.

अशात एका सकाळी एक सेठजी बाबांना शोधत आमच्या गल्लीत आले. साड्यांचे व्यापारी. सारनाथच्या बाजूला त्यांनी मुलांसाठी मोठी बाग उभारली होती. झुले, होड्या, सिमेंटचे हत्ती, सगळं होतं. बंद पडलेल्या एका साखर कारखान्यातून, उसाचे डबे ओढणारं एक छोटं वाफेचं इंजिनही त्यांनी उचलून आणलं होतं.

"पंडितजी, इंजन तो ले आए हैं," ते ओशाळून म्हणाले, "पर चलाने वाला कोई नहीं मिलता."

बाबांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. "कुठाय?" त्यांनी मराठीतच विचारलं. सेठजींना ते कसं कोण जाणे कळलं.

त्या दिवशी बाबा जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले ते डोक्यापासून पायापर्यंत काळे होऊन, आणि असे हसत, की आईने कपाळावर हात मारून घेतला. "झालं! सुटले एकदाचे म्हटलं होतं मी कोळशातून!"

इंजिन आमच्या माजघराएवढंही नव्हतं. धुराडं मात्र ऐटदार, उंच. बॉयलर तपासून झाला, सरकारी साहेबाचा दाखला आला, हिरवा रंग चढला, मागे लाकडी बाकांचे चार उघडे डबे लागले. रूळ तळ्याला वळसा घालून पेरूच्या बागेतून जायचे आणि फिरून स्थानकाशी यायचे. गाडी रविवारी आणि सणासुदीला चालायची.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती बाबांचा डबा द्यायला. बाबा इंजिनाच्या पायरीवर कंबर धरून बसले होते. वाकताना उसण भरली होती. स्थानकावर लोक चढून बसले होते, पोरं किंचाळत होती, सेठजी येरझाऱ्या घालत होते.

"बेलचा उचल," बाबा मला म्हणाले. बेलचा म्हणजे कोळशाचं फावडं. रेल्वेतली माणसं तोच शब्द वापरायची.

"मी?"

"मग काय, सेठजींना सांगू?"

लहानपणी मी शेडच्या फाटकाशी उभं राहून किती हट्ट केला होता, एकदा इंजिनावर चढू द्या म्हणून. बाबा नियमाचे पक्के. शेवटपर्यंत चढू दिलं नव्हतं. आता पस्तिशीच्या बाईला स्वतःच वर बोलावत होते. मी डबा खाली ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि चढले.

पहिलं फावडं निम्मं माझ्याच पायावर सांडलं. दुसरं भट्टीच्या दारावर आपटलं. तिसऱ्यानंतर मी सुचेल तसा कोळसा लोटत सुटले, आणि धुराड्यातून असा काळाकुट्ट धूर उठला की मागच्या डब्यातली माणसं खोकायला लागली.

"थांब, थांब! ठसका लागला तिला," बाबा म्हणाले. "एकदम कोंबायचं नाही. भाकरी थापतो तशी पसरायची. जिथे पांढरं भगभगतंय तिथे थोडा टाक. मग दार लाव आणि धुराकडे बघ. करडा झाला की समजायचं, तिचं पोट भरलं."

बाबांनी आयुष्यात कधी भाकरी थापली नव्हती. पण मला नेमकं कळलं.

त्या दिवसापासून दर रविवारी मी बाबांची फायरमन झाले. सकाळी लवकर जाऊन आग पेटवायची, वाफ धरेपर्यंत चिंध्यांनी पितळेच्या नळ्या पुसायच्या, काचेच्या नळीत पाणी किती आहे यावर सतत नजर ठेवायची. टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये ढकलणारी एक कळ होती. ती नीट लागली की गुणगुणायची, चुकली की नुसती थुंकायची. ती गुणगुणायला लागली की दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा, इतका आनंद व्हायचा. सोमवारी बँकेत माझ्या नखांत काळी रेघ असायची. काउंटरवरच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने एकदा काळजीने विचारलं, "बिटिया, घर में चूल्हे पर खाना बनाती हो?" मी म्हटलं, "जी, बहुत बड़ा चूल्हा है."

आईला हे अजिबात पसंत नव्हतं. घासलेटाने हात पुसून, डाळीचं पीठ लावून अंघोळ केल्याशिवाय ती मला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. "आयुष्यभर एकाचे कपडे धुतले, आता दोघांचे," म्हणायची. कितीदा बोलावलं तरी बागेत आली नाही.

एका थंडीच्या सकाळची गोष्ट तर बाबा पुढे कितीतरी दिवस सांगत असत. पेरूच्या बागेत वळणावर गाडी आली आणि समोर रुळांच्या मधोमध एक सांड बसलेला. कुंपण वाकवून आत आला होता आणि उन्हाने तापलेल्या रुळाला टेकून रवंथ करत होता. बाबांनी गाडी थांबवून शिट्टी दिली. सांडाने एक कान हलवला. काशीचा सांड तो. देवळांच्या घंटा आणि रिक्षांचे भोंगे ऐकत वाढलेला. बाबांनी बाजूने वाफ सोडली. त्याने डोळे मिटले, बहुतेक ऊब आवडली.

डब्यांतली माणसं उतरून भोवती जमली. "हर हर महादेव!" कुणीतरी ओरडलं आणि मग सगळेच. कुणी म्हणे शेपूट पिळा, कुणी म्हणे हात लावू नका. बाबा खाली उतरून त्याच्यापुढे उभे राहिले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "अहो, गाडी लेट होतेय." शेवटी मागच्या डब्यातल्या एका आजीबाईंनी पुडीतली कचौरी काढली आणि त्याच्या नाकाशी धरली. तो उठला, सावकाश अंग झाडलं आणि कचौरीमागे पेरूच्या झाडांत निघून गेला. लोकांनी आजीबाईंसाठी टाळ्या वाजवल्या.

"सिग्नलसाठी थांबलो, धुक्यासाठी थांबलो," बाबा परत चढताना म्हणाले, "आज कचौरीसाठी थांबलो!" आणि इतके हसले की गाडी सुरू करायला त्यांना जरा वेळच लागला.

दुसऱ्या हिवाळ्यात बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, की आगीसमोर जायचं नाही, वाकायचं नाही, धूर तर नकोच. पुढ्यात संक्रांत आलेली. बनारसमध्ये तिला खिचडी म्हणतात, आणि त्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नसते. सेठजी घरी आले, बाबांच्या काळ्या चष्म्याकडे बघून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तो इस बार रेल बंद रखते हैं."

"बंद का?" बाबा म्हणाले. "बिटिया चलाएगी."

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. गेले काही महिने रिकामी गाडी शेडमध्ये लावताना बाबा वाफ सोडायचा दांडा माझ्या हातात देत होते, हे खरं. सरकारी साहेबाच्या समोरही मी एकदा फेरी मारून दाखवली होती. पण भरलेली गाडी मी कधी चालवली नव्हती.

"अकेले?" सेठजींनी विचारलं.

"अकेली कशाला? मी असेन ना मागे. डब्यात."

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तुम्ही जाणार असाल तर मीपण येते. डोळ्यात औषध कोण घालणार?"

खिचडीच्या दिवशी आई आली, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. बाबांनी तिला हात देऊन पहिल्या डब्यात चढवलं आणि शेजारी बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या दोघांना मी गाडीत शेजारी बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. आजोळी आम्ही पासावर जायचो ते आई आणि मी. बाबा नेहमी ड्यूटीवर. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि साडीचा पदर बाबांच्या बाजूने सारून घेतला, म्हणजे त्यांना ऐसपैस बसता येईल.

मी एका फेरीपुरती आग भरून घेतली, काच बघितली, शिट्टी दिली आणि दांडा ओढला. घाबरल्यामुळे तो जरा जास्तच ओढला गेला. चाकं जागच्या जागी गरगरली, धुराड्याने भकभक केलं आणि मागून बाबांचा आवाज आला, "मिट! मिट! आणि आता हळू उघड! दव आहे रुळावर!"

लगोलग आईचा आवाज आला, "तुम्ही प्रवासी आहात ना? मग गप्प बसा."

मी वाफ बंद केली, श्वास घेतला आणि अगदी केसभर उघडली. गाडी हलली. एक भक, मग दुसरी, मग एक लय धरली तिने. तळ्याकाठी पतंग उडवणारी माणसं हात हलवत होती. वर सगळं आभाळ पतंगांचं. पेरूच्या बागेत चढाव लागला तेव्हा मी आणखी थोडी वाफ दिली आणि तिने ती घेतली, हट्ट न करता. माझ्या तळव्याला दांड्यातून तिचा प्रत्येक ठोका लागत होता. वळणावर मी मागे वळून पाहिलं. बाबा डब्याबाहेर मान काढून इंजिनाचा आवाज ऐकत होते. आईने त्यांचा सदरा मागून मुठीत धरून ठेवला होता.

स्थानकात गाडी मी बरोबर फलाटाशी उभी केली. बाबा उतरून पुढे आले. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

"काचेत पाणी किती?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्याच्या वर."

"मग ठीक." मग चष्मा जरा वर करून, ज्या डोळ्याला परवानगी होती त्याने त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "माझी पहिली गाडी तर फलाट सोडून पुढे गेली होती."

आई त्यांच्या मागे उभी होती. मी म्हटलं, "कसं वाटलं गं?"

"सुरुवातीला धक्का बसला. बाकी छान." मग ती इंजिनाकडे बघत राहिली. हात पुढे करून तिने कठड्याला बोट लावलं, बोटाची काजळी पाहिली. "पुढे बसायला मिळतं का गं?"

बाबा म्हणाले, "साडी खराब होईल."

"धुवायची मलाच आहे."

पदर खोचून ती वर चढली. मी तिला कोपऱ्यातल्या फळीवर बसवलं, भट्टीचं दार उघडून दाखवलं. आतला पांढरा-नारिंगी लोळ बघून तिने "अगं बाई!" केलं, पण मागे सरली नाही. "याच्यासमोर उभे राहायचे होय हे दिवसभर," ती स्वतःशीच म्हणाली. निघायची वेळ झाली तेव्हा मी शिट्टीची साखळी तिच्या हातात दिली.

तिने ती ओढली आणि धरूनच ठेवली. सगळी बाग दणाणली, पेरूच्या झाडांतले पोपट उडाले, पोरांनी कानांवर हात ठेवून नाचायला सुरुवात केली. मागच्या डब्यातून बाबा ओरडत होते, "अगं सोड! वाफ संपेल सगळी!" आणि आई हसत होती, तोंडावर हात न घेता, मोठमोठ्याने. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तिने उरलेल्या सगळ्या फेऱ्या पुढेच बसून केल्या. बाबांच्या डोळ्यातलं औषध तीनदा घालायचं होतं, ते तिने दोन फेऱ्यांच्या मधे इंजिनावरून उतरून, हात धुऊन घातलं आणि पुन्हा वर चढली.

संध्याकाळी आम्ही तिघं टेंपोतून उतरून गल्लीत शिरलो. शेजारच्या दोघी जणी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आईच्या हिरव्या साडीवर कोळशाचे ठिपके, गालावर काळा फराटा. एकीने घाबरून विचारलं, "अरे, का भइल चाची? कहाँ से आवत हईं?"

"कहाँ से क्या?" आई ताठ होऊन म्हणाली. "रेल चला के आ रहे हैं." आणि बाबांचा हात धरून, घरात न शिरता, ती घाटाच्या पायऱ्यांकडे वळली.