दादाचं वाढलेलं वजन आणि मी दिलेला होकार

साल अठ्ठ्याहत्तर असेल. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो... आई, दादा, वहिनी आणि मी. दादा उद्यमनगरात एका फाउंड्रीत फोरमन होता. त्याच फाउंड्रीच्या ऑफिसात त्यानं मलाही चिकटवलं होतं.

त्या वर्षी दादाचं वजन वाढायला लागलं. सुरुवातीला सगळ्यांना बरंच वाटलं... गल्लीत लोक म्हणायचे, लग्न मानवलंय. मग पँट कमरेत बसेना, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. तेव्हा आईनं कारण शोधलं. तिच्या मते कारण म्हणजे वहिनी.

वहिनी चंदगडची. तिकडं दोन्ही वेळ भात, आमच्याकडं भाकरी. ती आली आणि रोज भाताचं पातेलं चढायला लागलं, दादालाही ते आवडायचं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हिच्या भातानं पोराचं अंग सुटलंय. वहिनी ऐकून घ्यायची.

खरं कारण मला ठाऊक होतं...

रोज संध्याकाळी काम सुटलं की आम्ही दोघं एकाच स्कूटरवरून निघायचो. वाटेत एक परमिट रूम होती. दिवसभर भट्टीसमोर उभं राहून घसा वाळतो, असं दादा म्हणायचा. आधी एक बिअर असायची. मग दोन झाल्या, मग बिअरच्या आधी रम आली... बरोबर तळलेले शेंगदाणे, कांदाभजी, कधी सुकं मटण. मी समोर सोडा पीत बसायचो आणि भजी खायचो.

निघताना वास लपवायला तो तंबाखूचं पान लावायचा. झोकांड्या देत घरी आलाय असं कधी झालं नाही. शनिवारी मित्रांबरोबर थोडी घेतो, एवढं वहिनीला माहीत होतं. रोजची, आणि एवढी... हे फक्त मला.

घरात बोलायचं न्हाय, असं दादानं एकदाच सांगितलं होतं. मला शिकवलं त्यानं, नोकरीला लावलं त्यानं. आणि खरं सांगतो, मला तिथं बसायला आवडायचं. घरी मोजकं बोलणारा दादा तिथं माझ्याशी मित्रासारखा बोलायचा.

शेवटी आईनं त्याला डॉक्टरांकडं धाडलं, सोबत मला. डॉक्टर आमचे नेहमीचेच, वयस्कर. वजन केलं, बीपी बघितलं, ते जास्त निघालं. खाण्यापिण्याचं विचारून झालं, मग दारू घेता का म्हणाले. सणासुदीला, दादानं सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"खरं का रे?"

"व्हय," मी म्हणालो.

एवढंच. डॉक्टरांनी भात, तेल, तूप बंद करायला सांगितलं आणि रोज सकाळी रंकाळ्यापर्यंत चालायला सांगितलं.

वहिनीनं दुसऱ्या दिवसापासून भात बंद केला. दादाचाच नाही, स्वतःचाही... त्याच्यासमोर बसून घास उतरत नाही म्हणाली. भाकरी मोजून, भाजी जवळजवळ बिनतेलाची. वर्षभर तिनं हे चालवलं. ती वाळत गेली, आणि दादाचं पोट वाढतच राहिलं. आईला वाटायचं, ही चोरून खायला घालते. तसं आई तिच्या तोंडावर बोलली, तेव्हाही मी तिथंच बसून पेपर वाचत होतो.

मग एका सकाळी दादाच्या पायात चप्पल जाईना. डोळेही पिवळे दिसत होते. या वेळी वहिनीही आमच्याबरोबर आली.

डॉक्टरांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. पोटावर टिचक्या मारून बघितलं. ही नुसती चरबी नाही, पोटात पाणी भरलंय, लिव्हर खराब झालंय, असं म्हणाले. रोज कधीपासून घेताय, हे या वेळी त्यांनी थेट विचारलं. दादा खाली बघत म्हणाला, लग्नाच्या लई आधीपासनं.

आधी अंग सुटलं तेही दारूनं आणि दारूबरोबरच्या तळणानं, डॉक्टरांनी सांगितलं. घरचं जेवण कितीही तोडलं तरी काय होणार होतं...

बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी बसलो. ती रडली नाही.

"भावजी, तुम्हाला म्हाईत हुतं?"

मी होकारार्थी मान हलवली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मग मला निदान भात तरी खाऊ द्यायचा हुता."

दादानं त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. पण उशीर झाला होता. पुढची तीन वर्षं दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली, पोटातलं पाणी काढायचं, ते परत भरायचं. चाळिशी गाठायच्या आत तो गेला. आजारपणात एकदा मला म्हणाला होता, डॉक्टरांपुढं तू खरं बोलला असतास तर तुला बडवलं असतं मी... पर थांबलो असतो बघ. थांबला असता का, कुणास ठाऊक. मला मात्र ते वाक्य आयुष्यभर पुरलं.

वहिनीनं मला कधी तोडलं नाही. माझ्या लग्नात सगळीकडं तीच पुढं होती, आजही दिवाळीला ओवाळते. फक्त एक आहे... एखाद्या गोष्टीचं खरं-खोटं करायचं असलं तर ती माझ्या बायकोला विचारते. मला नाही.

पिणारा माणूस डॉक्टरांना खरं सांगत नाही. ते शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यानं सांगावं. भाऊ चिडेल, वर्षभर तोंड बघणार नाही... पण जिवंत असेल तरी.