येणार येणार म्हणतात ते यंत्र

पुण्याच्या त्या भेटीला मी गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. का आली नाहीस, असं मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मी म्हशीचं नाव घेतलं, तर त्या फोनवर खो खो हसल्या. मला संताप आला. ज्यांनी दूध फक्त पिशवीतून ओतलंय, त्यांना म्हैस काय सांगायची?

इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघी हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो आणि कॉम्प्युटरवर एक लढाईचा खेळ खेळायचो. चौघींची एक टोळी. सगळ्यांच्या पुढे जायचं, अनोळखी मुलखात वाट काढायची, कोण कुठं दबा धरून बसलंय ते मागच्यांना कळवायचं, हे काम माझं. त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही सांगते.

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा माझा जुना, जड कॉम्प्युटरही आला. तो बाहेरच्या खोलीत मांडला गेला. त्या खोलीत सदा कुणीतरी पावणं बसलेलं. त्यांच्यादेखत सुनेनं कानाला हेडफोन लावून “हाण, हाण, डावीकडनं आला!” म्हणून ओरडायचं कसं? हळूहळू त्या कॉम्प्युटरवर इस्त्रीचे कपडे साठायला लागले. नोकरी मी घरूनच करते, पण कंपनीचा लॅपटॉप इतका सोवळा की त्यात गाणंसुद्धा घालता येत नाही.

घर गल्लीच्या टोकाला, आणि घराला लागून गोठा. गोठ्यात एकच म्हैस. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. म्हशीची धार त्याच काढायच्या. मग त्यांची बोटं आखडायला लागली, सकाळी मूठ वळेना, आणि डॉक्टरांनी धार बंद करायला सांगितली. आत्तींनी एका संध्याकाळी मला हाक मारली, गोठ्यातल्या खुंटीवरचं त्यांचं जुनं हिरवं पातळ काढलं आणि माझ्या ड्रेसवरूनच मला गुंडाळलं. म्हणाल्या, “हे नेसून बस. काय बोलू नको. हात गार लावू नको.”

मला वाटलं, कपडे खराब होऊ नयेत म्हणून. पहिले काही दिवस म्हशीनं पान्हा चोरला, चरवीला लाथ मारली, शेपटीचा फटका तोंडावर दिला. मग एक दिवस तिनं कान पाडले आणि दूध सोडलं. गल्लीत कौतुक झालं. शिकलेली सून धारेला बसती म्हणून आत्तींनी चारचौघींत मान ताठ केली. मीही फुगले. आणि तिथंच फसले, कारण त्यानंतर म्हैस माझ्याशिवाय कुणाला हात लावू देईना. आजारी पडले तरी ताप अंगात घेऊन धारेला बसायचं, कारण दूध तटून राहिलं की कास दगडासारखी होते आणि जनावर तळमळतं. सकाळी धार, संध्याकाळी धार. मधल्या वेळात जाऊन येण्यासारखं असेल तेवढंच गाव माझं. कागलला लग्नाला जाते, अक्षता पडल्या की ताटाकडं न बघता परत निघते.

अशात त्या यंत्राची बातमी आली. ती नवऱ्यानंच आणली. तो शिरोलीकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि असल्या बातम्यांचा त्याला भारी नाद. तळहाताएवढा कॉम्प्युटर येणार म्हणे. मोबाइल नव्हे, पुरता कॉम्प्युटर. बोटानं चालणारा पडदा, दोन्ही बाजूंना खेळायच्या कळा, आणि मोठ्या मशीनवरचे खेळ त्यात जसेच्या तसे चालणार. कुणीतरी कुठल्यातरी कारखान्यातून त्याचा धूसर फोटो बाहेर काढला होता. त्यात एक हात आणि काहीतरी काळं एवढंच दिसत होतं, पण आम्ही दोघांनी तो फोटो मोठा करून करून पाहिला.

मला त्या बातमीनं वेड लावलं. असं यंत्र आलं तर बाहेरची खोली नको, टेबल नको, कुणाची परवानगी नको. गोठ्यात म्हशीचं आंबोण भिजेपर्यंत, चुलीवर दूध तापेपर्यंत, मला माझ्या मुलखात शिरता आलं असतं. रोज नवी बातमी यायची. दसऱ्याला येणार. नाही, दिवाळीला. पडदा निघून वेगळा होतो. छे, होत नाही. बॅटरी दुपारभर टिकते, असं एक म्हणे, तर दुसरा म्हणे, खेळ लावला की चहा होईपर्यंत संपते. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी विचारायला गेले, तर दुकानदार म्हणाला, “वैनी, अजून निस्ती हवाच हाय बघा. तुमच्यावानी लई जण इचारून गेलेत.” मला त्या लई जणांबद्दल उगीच माया वाटली. प्रत्येकाची कुठं ना कुठं एक म्हैस असणार.

आत्तींना हे सगळं कळत होतं. एकदा धारेच्या वेळी ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, “आमच्या येळंला बी अशीच बातमी हुती. धार काढायचं मशीन येणार, बायकांची बोटं सुटणार. सासू म्हणायची, येतंय, येतंय.”

“मग? आलं नाही?”

“आलं की. माणूस घरला येऊन दावून गेला. पर म्हशीनं लावून घ्याय पायजे न्हवं? मशीनला लाथ घातली नि पत्र्यावर आपटलं. मला चालतंय काय कुणी इचारलंच न्हाय, म्हशीला चालंना एवढंच झालं.”

त्याच महिन्यात मैत्रिणींचं ठरलं. आमच्यातली एक कायमची परदेशात चालली होती. तिच्या पुण्याच्या घरी शनिवार-रविवार जमायचं, चौघींनी शेजारी शेजारी बसून शेवटचं खेळायचं. पुन्हा अशा एका खोलीत आम्ही बसणार नव्हतो, हे चौघींनाही ठाऊक होतं. मला जायचंच होतं. इतकं मला लग्नानंतर काही हवंसं वाटलं नव्हतं.

मी नवऱ्याला म्हणाले, दोन दिवस धार तू काढ. तो लगेच तयार झाला, बाह्या सरसावून बसला. म्हशीनं मान वळवून त्याच्या पँटकडं पाहिलं आणि चरवी उडवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांडीवर खुराचा वळ उठला.

आत्ती ओट्यावरून म्हणाल्या, “असं न्हाय जमायचं. पातळ नेसून बस. ती माणूस वळखत न्हाय, पातळाचा वास वळखती. हिला बी मी तसंच बसवलं, नि मला माझ्या सासूनं.”

तो हसला. आम्ही तिघंही हसलो. पण मग मी खुंटीवरचं पातळ काढून त्याच्यापुढं धरलं, तेव्हा तो हसायचा थांबला. म्हणाला, “येडी का काय? गोठ्याचं दार गल्लीत उघडतंय. पोरं व्हिडिओ काढतील. कारखान्यात जायला तोंड ऱ्हाईल काय मला?”

मी पातळ परत खुंटीला लावलं.

पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी मी धारेला बसले होते. नवरा मोबाइल नाचवत गोठ्याच्या दारात आला. “खरंच येतंय बघ! कंपनीनंच सांगितलं आज. हे बघ, फोटो बी स्पष्ट हाय.” हातांना धारेसाठी घेतलेलं लोणी आणि दूध लागलेलं, तरी मी बोटानं पडदा सरकवायला गेले. पडद्यावर नुसता ओघळ उमटला, चित्र जागचं हललं नाही. त्यानं सदऱ्यानं तो पुसला आणि प्रेमानं म्हणाला, “पहिलंच तुझं बुक करूया. किती का महाग असंना. मग पुण्याला कशाला जातीस? हितंच बसून खेळ की त्यांच्यासंगं.”

तो मनापासून बोलत होता, त्याचंच मला रडू आलं. आत्तींसमोर मी त्याला अहो म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.

“अरे, यंत्र नको मला. दोन दिवस पातळ नेस.”

तो आईकडं बघायला लागला. आत्ती आपली आखडलेली बोटं चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नेस की. तुझ्या बाला मी बी असंच म्हटलंतं, माझी आई आजारी हुती तवा. त्यो नेसला न्हाय. मी गेलो न्हाय. आई गेली.”

म्हशीनं शेपूट झाडली. मी पुन्हा धारेला हात घातला. नवरा दारात तसाच उभा राहिला, हातात त्या यंत्राचं चित्र उजळलेलं. मग ते आपोआप विझलं. पातळ माझ्या अंगावर होतं.