एक, तीन, चार, दोन

नानाभाऊजी गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी बाल्कनीतले टॉवेल आत घेत होते. त्यांची सून म्हणाली, "काकू, सकाळी चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत..." मी फोन ठेवला, टॉवेलांच्या घड्या घातल्या, कपाटात रंगांप्रमाणे रचल्या आणि मगच खाली बसले. रेवा, निखिल, माझ्या या नीटनेटकेपणाला तुम्ही तिकडून फोनवर हसता. हसा. पण या नीटनेटकेपणानं एकदा काय केलं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुमच्या बाबांनाही नाही. ठाऊक होतं ते एकट्या नानाभाऊजींना. आज सव्वा महिना झाला, आणि ठाऊक असलेली मी एकटीच उरले.

नानाभाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. मी अमरावतीची, इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन मूर्तिजापूरला आले. घरी शेती होती, आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बदली झालेल्या एका साहेबाकडून घेतलेली जुनी मोटार होती. भाऊजी मॅट्रिकला दोनदा बसून नापास झाले होते, पण कापसाच्या जिनातल्या मिस्त्रीच्या मागे हिंडून त्यांनी इंजिन शिकून घेतलं होतं. कोरड्या दिवसांत पुढचं हँडल दोनदा फिरवलं की मोटार सुरू व्हायची. पावसाळ्यात झड लागली, चार-चार दिवस ऊन दिसेनासं झालं, की तिच्या अंगात ओल शिरायची आणि ती नुसती खोकत राहायची. महायुद्धाच्या लढाईमुळे नवे भाग मिळत नव्हते. मग भाऊजींनी आपला उपाय काढला. इंजिनावर एक काळी टोपी असते, ती चार वायरींतून चार प्लगांना ठिणगी वाटून देते. झडीच्या दिवसांत ते ही टोपी वायरींसकट काढून घरात आणायचे, सरकी काढलेल्या कापसानं पुसायचे आणि चुलीच्या वैलाशेजारी फडक्यावर शेकत ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या, "काहून रे नाना, आज मोटारीले काय रांधून राह्यला?" ते म्हणायचे, "सर्दी झाली तिले, माय. शेक देऊन राह्यलो."

कोणती वायर कोणत्या प्लगची हे कळावं म्हणून त्यांनी प्रत्येकीच्या टोकाला जुन्या लुगड्याची एकेक चिंधी बांधली होती. लाल, हिरवी, पिवळी, निळी... तेलानं सगळ्या सारख्याच काळ्या पडलेल्या. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या घासलेल्या डब्यांच्या शेजारी त्या चिंध्या मला बघवत नसत. एका दुपारी भाऊजी शेतावर गेले होते. मी चिंध्या सोडल्या, धुवायला टाकल्या आणि पांढऱ्या नाडीचे चार तुकडे कापून त्यांवर पक्क्या शाईनं आकडे घातले. टोपीभोवती ओळीनं, जशा वायरी येत होत्या तसे... एक, दोन, तीन, चार. वायरींना ते तुकडे शिवले आणि समाधानानं हात धुतले. भाऊजींना सांगायचं राहून गेलं, कारण त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांना ताप भरला.

विनू तेव्हा दोन वर्षांचा होता. तुमचे आजोबा कामासाठी नागपूरला गेलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या डॉक्टरांनी त्याचा घसा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. घटसर्प. त्यावरचं इंजेक्शन अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातच मिळणार होतं. "दुपारच्या आगगाडीची वाट पाहू नका," एवढंच ते बोलले. भाऊजींनी वैलाशेजारची टोपी उचलली, नाडीवरचे आकडे पाहिले आणि क्षणभर थांबले. मग म्हणाले, "वैनीनं लिवलं, मंग बरोबरच असन." एक नंबरची वायर पहिल्या प्लगला, दोनची दुसऱ्याला, आणि हँडल मारलं. मोटार खोकली, एक बार निघाला, आणि गप्प. पुन्हा हँडल. पुन्हा बार. भाऊजींनी टोपी काढून आत पळवली, शेकली, पुसली, परत बसवली. मी विनूला खांद्यावर घेऊन पडवीत उभी. त्याच्या प्रत्येक श्वासाला आत शिट्टी वाजायची, आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर मी मनात मोजत होते. मामंजी ओरडले, "गाडीपायी पोराचा जीव घेतं काय रे? दमणी जुंपा!" बैलांच्या दमणीनं अमरावती... तोवर रात्र झाली असती.

तिसऱ्यांदाही मोटार लागली नाही, तेव्हा भाऊजी टोपीकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "वैनी, चिंध्या कुठी हायत?"

"धुतल्या."

"मंग हे नंबर?"

"ओळीनं घातले. टोपीभोवती."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाळावरचं पाणी पुसलं आणि विनूला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "इंजिन ओळीनं नाई चालत, वैनी. ठिणगी जाते एक, तीन, चार, दोन." तीन वायरींच्या जागा त्यांनी बदलल्या. पहिल्याच हँडलला मोटार लागली.

त्या प्रवासातला चिखल मला आठवत नाही, शिट्टी आठवते. बडनेऱ्याजवळ ती वाजेनाशी झाली, आणि मी विनूच्या तोंडाशी कान नेला... श्वास होता, पण दोऱ्याएवढा. दवाखान्यात त्याला माझ्या हातून ओढूनच घेतला. गळ्याला छेद देऊन नळी घातली, आणि मुलगा वाचला. डॉक्टर नंतर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलात असता, तर इंजेक्शनवर भागलं असतं." हा अर्धा तास कुठे गेला ते मी आणि भाऊजी दोघंही जाणून होतो. परतताना वाटेत ते म्हणाले, "घरी मी सांगीन काय झालं ते. तुमी बोलू नका." घरी त्यांनी सांगितलं, ओलीनं दगा दिला.

मी बोलले नाही.

बाबांच्या गळ्याखालची आडवी खूण तुम्ही लहानपणी बोटानं चाचपायचात. मामंजी जाईपर्यंत तिला "नान्याच्या मोटारीची करणी" म्हणत आले, चारचौघांत, भाऊजींच्या देखत. विनू मोठा झाल्यावर कॉलर खाली करून चिडवायचा, "काका, ही तुमची सही बरं का!" आणि भाऊजी हसून म्हणायचे, "हो बाप्पा, माह्यीच." दर वेळी मी उठून आत जात असे. गेल्या दिवाळीत अकोल्याला त्यांच्याकडे गेले तेव्हा म्हटलं, "भाऊजी, विनूला आता सांगून टाकते." ते म्हणाले, "काहून? इतके वर्सं माह्या नावावर आहे, राहू द्या." आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तेरवीला गेले होते. मोटार कधीच भंगारात गेली, पण त्यांच्या खोलीतल्या फळीवर कापसात गुंडाळलेली ती काळी टोपी निघाली. सून म्हणाली, "झड लागली की बाबा ही काढून पुसायचे. आता कशाला ठेवायची, टाकू का?" मी हातात घेतली. चिंध्या त्यांनी पुन्हा बांधल्याच नव्हत्या. माझ्याच नाडीचे तुकडे, माझ्याच अक्षरातले, उसवून पुन्हा शिवलेले. टाके पुरुषाच्या हाताचे, मोठे, वाकडे. टोपीभोवती फिरत मी वाचलं... एक, तीन, चार, दोन.

आज चार दिवस इकडेही झड आहे. टोपी मी गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर, फडक्यावर ठेवली आहे. विनूला पत्र लिहायला तीनदा बसले आणि तीनदा टेबल आवरून उठले. म्हणून हे असं, मासिकाला छापायला देते आहे. रेवा, निखिल, बाबांना आधी तुम्हीच वाचून दाखवा. ती सही काकांची नव्हती म्हणावं.