अनंतरावांची झोळलेली रेघ

अनंतरावांची आणि माझी ओळख हिंगोलीच्या शाळेत झाली. ते गणिताचे नवे शिक्षक, मी भूगोलाचा. माझं नावगाव विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात सगळ्यात गरीब कोण, आणि त्याच्याहून जरासा बरा कोण?" हे गृहस्थ भलतेच चौकस दिसतात, चार हात लांबच राहावं, असं मी ठरवलं. ते काही जमलं नाही, आणि आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला मीच बसलो आहे.

हैदराबादला शिकताना त्यांना एका आलेखानं झपाटलं होतं. गावातली घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीनं मांडायची आणि एकेकाचं उत्पन्न बेरजेत मिळवत जायचं. सगळे सारखे असले तर रेघ सरळ तिरपी चढते. फरक जितका मोठा, तितकी ती सैल बाजेसारखी खाली झोळते. त्या झोळावरून निर्देशांक काढायचा: शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाच घरात. हे त्यांनी मला फळ्यावर समजावलं, वर्तमानपत्राच्या कडेला समजावलं, आणि मी तापानं फणफणलो होतो तेव्हा उशाशी बसूनही समजावलं. त्या आजारपणात माझे सगळे वर्ग त्यांनीच घेतले, हे मात्र मला मुलांकडून कळलं.

महायुद्धाच्या काळात धान्याची लेव्ही आली, म्हणजे पिकातला ठरावीक वाटा सक्तीनं सरकारला द्यायचा. त्यांच्या गावी, आखाडा बाळापूरला, ती घरोघर कशी बसवायची यासाठी उत्पन्नाची पाहणी करायचं काम त्यांच्याकडे आलं. मीही सोबत होतो. आलेख काढला, तर रेघ जवळजवळ सरळ. लेव्हीच्या धास्तीनं मोठ्यांनी उत्पन्न कमी सांगितलं होतं, आणि पोरीची सोयरीक अडेल म्हणून गरिबांनी वाढवून. हा कागद तसाच गेला असता तर सगळ्यांवर सारखीच लेव्ही बसली असती, आणि तुकडाभर जमिनीवर लेकरं पोसणाऱ्या विधवा सखूबाईंच्या घरात ज्वारीचा दाणा उरला नसता. लोकांनी सांगितलं ते आपण लिहिलं, आपला काय दोष, असं मी म्हणालो.  पण त्यातला एक आकडा तरी खोटा असल्याचं अनंतरावांना पक्कं ठाऊक होतं. तो त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा होता.

आबा गावातले सर्वांत मोठे जमीनदार. तुमचं खरं उत्पन्न लिहितो, असं अनंतरावांनी त्यांना तोंडावर सांगितलं. आबा भडकले. "काहून रे, आपल्याच घरावर भार घालून राहिलास?"

"तुमचा आकडा खोटा ठेवला, तर दुसऱ्याला खरं कोणत्या तोंडानं विचारू?" अनंतराव म्हणाले, आणि त्यांनी तो आकडा बदलला. गावभर बोभाटा झाला. मग एकेक जण येऊन आपापलं उत्पन्न नीट सांगू लागला. रेघ चांगलीच झोळली आणि लेव्ही ऐपतीप्रमाणे बसली. आबांच्या कणग्या रिकाम्या झाल्या. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. अनंतरावांना ते फार लागलं होतं.

बऱ्याच दिवसांनी आबा आपण होऊन आले आणि त्यांनी तो आलेख मागितला. यात आपण कुठं, असं विचारलं. रेघ एकदम उसळते ते वरचं टोक अनंतरावांनी दाखवलं.

"आन् सखू?"

रेघ जमिनीला चिकटून होती तिथं त्यांनी बोट ठेवलं. आबांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "हितून ही वर कवा उठल?"

 तेव्हापासून सगळ्या सुट्ट्या घालवून अनंतराव गावोगाव हाच आलेख काढत आले आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि आबांना द्यायचं राहिलेलं उत्तर त्यांच्याच हातून कागदावर उतरो.